वार दोघांची असते

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

सूनबाईंना बारावा आठवडा सरत आलाय, म्हणून आत्ताच लिहितेय. पुढच्या तपासणीला तू बरोबर जा आणि डॉक्टरांना सांग, की तुझ्या वेळी मला प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात बीपी चढण्याचा आजार, झाला होता. दिवस गेल्यावर बीपी चढलं की आपल्याकडे सुनेच्या माहेरावर खापर फोडतात. ते साफ चूक आहे. वार (प्लासेंटा) बाळाच्या पेशींची बनते, म्हणजे तिच्यात निम्मी जनुकं तुझी. 2017 साली एफएलटी1 जनुकाजवळ धोका वाढवणारा जो बदल सापडला, तो बाळाच्या जनुकांत होता. या जनुकापासून बनणारं एक प्रथिन वारेतून जास्त सुटलं की आईच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं, बीपी चढतं, लघवीतून प्रोटीन जाऊ लागतं. पण जनुकतपासणीवर पैसे घालू नकोस. एकट्या जनुकावर हा आजार ठरत नाही.

अ‍ॅस्पिरिनचं मात्र विचार. धोका असेल तर 75 ते 150 मिग्रॅची गोळी रात्री देतात, आणि ती सोळाव्या आठवड्याआधी सुरू झाली तरच खरा उपयोग. आपल्या मनाने देऊ नका.

लिपिडचा रिपोर्ट बघून घाबरू नका. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक चरबी, शेवटच्या तीन महिन्यांत दुप्पट-तिप्पट होतातच, आणि लॅब 150 ची मर्यादा छापते ती गरोदर नसलेल्यांची. सुरुवातीच्या महिन्यांतच आकडा फार चढा असेल, किंवा तिच्या घरात कोणाचे ट्रायग्लिसराइड जन्मतः जास्त असतील, तर डॉक्टरांच्या कानावर घाला. 500 च्या वर गेले तर थांबू नका, स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते.

मीठ तोडल्याने प्रीएक्लॅम्पसिया टळत नाही. कॅल्शियम मात्र चुकवू नका: चौदाव्या आठवड्यापासून 500 मिग्रॅच्या रोज दोन गोळ्या, लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब. वर नाचणीची भाकरी आहेच.

बीपी घरी तू मोज. लघवीला जाऊन आल्यावर पाच मिनिटं शांत बसव, पाठ टेकलेली, पाय जमिनीला, दंड उघडा आणि छातीच्या पातळीवर. मोजताना बोलायचं नाही. दंडाला पट्टा लहान पडला तर आकडा खोटा चढतो. मशीन गरोदरपणासाठी तपासलेलं घे. साधी मशीनं या आजारात कमी दाखवतात. 140/90 दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळव. 160/110 ला, किंवा डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, उजव्या बरगडीखाली दुखणं यातलं काहीही झालं तर आकड्याची वाट न बघता 108 ला फोन कर. देवगडहून ओरसच्या जिल्हा रुग्णालयात पोचायला पावसात वेळ लागतो, आणि पुढे कोल्हापूरला न्यायचं म्हणजे घाट. ओरसहून पुढे पाठवायची वेळ आलीच, तर गाडी हलण्याआधी झटके टाळणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस दिलाय का, हे विचार.

बाळंत झाल्यावर मशीन कपाटात टाकू नकोस. बीपी बहुधा तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वांत चढतं, आणि डोकं दुखलं तर घरचे जागरणावर ढकलतात. बारशापर्यंत रोज दोनदा मोज, मग डॉक्टर सांगतील तसं सहा आठवडे.

तुझी,
आई