चेटकिणीच्या दारावरची निळी पाटी

ब्रायटन,
रविवार दुपार

प्रिय ठमे,

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग जरा ओशाळले. "लेकीकडे राहायला गेलीस की चेटकिणींची घरं बघायला?" हे तूच विचारू जाणे. तुझा राग कळतो गं. नंदुरबारच्या पाड्यांवर तू इतकी वर्षं फिरतेस, एखाद्या बाईला डाकीण ठरवलं की गाव तिचं काय करतं हे जवळून बघतेस, आणि मी तुला चेटकिणीच्या नावाच्या पाटीचा फोटो पाठवते! पण त्या पाटीमागची बाई तुला सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. शिव्या मग घाल.

घर म्हणजे वाडाबिडा नाही. टायसन प्लेस नावाची सरकारी घरांची उंच इमारत, आपल्याकडे म्हाडाची असते तशी. डोरीन व्हॅलिएंटे तिथल्या एका फ्लॅटमध्ये राहायची. इथे थोरामोठ्यांच्या घरांवर निळ्या गोल पाट्या लावतात, तशी हिच्या इमारतीवर २१ जून २०१३ ला लावली. त्यानंतर दोनच महिन्यांनी पुण्यात दाभोलकर डॉक्टरांवर गोळ्या झाडल्या. त्या पाटीखाली उभी असताना मला तो दिवस आठवला. तुला फोटो त्यासाठीच पाठवला होता, पण सोबत दोन ओळी लिहायचं सुचलं नाही.

ही १९२२ ची. मठाच्या शाळेत घातली होती, ती पंधराव्या वर्षी सोडून आली, ती आलीच. युद्धात ब्लेचली पार्कच्या गुप्त कचेरीत होती. पहिला नवरा ग्रीक खलाशी, लग्नाला सहा महिने व्हायच्या आत समुद्रात बेपत्ता झाला. दुसरा स्पॅनिश, युद्धात जखमी झालेला, त्याचंच हे आडनाव.

१९५१ मध्ये इंग्लंडने १७३५ चा चेटूक कायदा रद्द केला. हे तुझ्या कामाचं आहे, म्हणून नीट ऐक. तो कायदा चेटकिणी जाळायचा नव्हता. चेटूक खरं असतं हेच त्याने मोडीत काढलं होतं. "माझ्याकडे शक्ती आहे" असं सोंग करणाऱ्याला शिक्षा होती. म्हणजे आपल्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा थोरला चुलता म्हण ना!

तो कायदा गेल्यावर जेराल्ड गार्डनर नावाचे गृहस्थ उजळ माथ्याने पुढे आले. मलायात कस्टममध्ये नोकरी करून निवृत्त झालेले. म्हणाले, चेटूक हा इथला पुरातन धर्म, तो मला जुन्या मंडळींकडून मिळाला. त्यालाच पुढे विक्का नाव पडलं. देवी, शिंगं असलेला देव, चांदण्या रात्री रिंगण आखून पूजा. डोरीनने १९५३ मध्ये त्यांच्याकडून दीक्षा घेतली आणि लवकरच त्यांची मुख्य पुजारीण झाली. आईला मात्र शेवटपर्यंत कळू दिलं नाही. १९६२ मध्ये चेटकावर पहिलं पुस्तक काढलं, तेही लांबून अभ्यास करणारी बाई असल्यासारखं. आई गेल्यावर मोकळेपणाने बोलायला लागली. (आपण तरी आईला काय काय सांगितलं होतं म्हणा!)

मला ती आवडली ती यापुढे. गुरूंची 'पुरातन' पोथी हातात आल्यावर तिच्या लक्षात आलं, की यातले बरेच उतारे अॅलिस्टर क्राउली या बदनाम मांत्रिकाचे आहेत. तिने तोंडावर सांगितलं. गुरू म्हणाले, तुला जास्त चांगलं जमत असेल तर तूच लिही. तिने लिहिलं! देवीच्या तोंडचं जे गद्य आज जगभरचे विक्कावाले म्हणतात, त्याला हिचा हात लागलाय. जे शोधतेस ते आत सापडलं नाही तर बाहेर सापडणार नाही, असं त्याच्या शेवटी येतं. वाचताना मला आपले वारकरीच आठवले.

पुढे गुरूंना वर्तमानपत्रांत झळकायचा नाद लागला. १९५७ मध्ये हिने आणि काहींनी नियम करून मागितले. तर ते म्हणाले, नियम आहेतच, प्राचीन आहेत, आणि एक यादी काढून दाखवली. त्यात एक कलम असं, की पुजारीण वयाने मोठी झाली की तिने राजीखुशीने तरुण मुलीसाठी जागा सोडावी. डोरीन तेव्हा पस्तिशीची, गुरू सत्तरीच्या पुढचे! ती सरळ बाहेर पडली. हे वाचून मी एकटीच मोठ्यांदा हसले, लेक आतून बघायला आली.

तरी गुरूला खोटं पाडायला ती टपलेली नव्हती. त्या जुन्या मंडळींपैकी म्हणून गार्डनर ज्या 'जुन्या डोरोथी'चं नाव घ्यायचे ती बाई मुळात नव्हतीच की काय, अशी शंका १९८० मध्ये एका इतिहासकाराने घेतली. ही साठीजवळ आलेली, कचेऱ्यांतून जन्म-मृत्यूचे दाखले शोधत बसली आणि बाई सापडली. डोरोथी क्लटरबक, जन्म १८८० चा, आणि कुठला, तर आपल्या हिंदुस्थानातला! बाप तिथल्याच फौजेत. बाई खरी होती एवढं सिद्ध झालं. ती चेटकीण होती का, हा वाद अजून चालू आहे.

सगळं गोड नाही हं. सत्तरच्या दशकात ही नॅशनल फ्रंट या वंशद्वेष्ट्या पक्षाची वर्ष-दीड वर्ष सभासद होती. आत शिरून माहिती काढायला गेली असेल, असं तिचे चाहते म्हणतात. मला नाही पटत. तुझ्या-माझ्यासारख्या सावळ्या बायकांनी त्याकडे काणाडोळा करावा असं मुळीच वाटत नाही.

मंत्राने काही होतं यावर माझा विश्वास बसलेला नाही, काळजी नको. पण हिने 'चेटकीण' हा शब्द स्वतः उचलून लावून घेतला, आणि १९९९ मध्ये म्हातारपणाने, आजाराने गेली. तुझ्याकडच्या बाईवर तोच शब्द दुसरा कुणी टाकतो, आणि बहुतेक वेळा त्यामागे जमिनीचा तुकडा असतो, हे तूच मला सांगितलंयस.

गेल्या पत्रात जिच्याबद्दल लिहिलंस, त्या मावशी आता कुठे आहेत? माहेरीच, की गावात परत घेतलं? तक्रार नोंदवून घेतली का पोलिसांनी? ते आधी कळव. पाटीचा फोटो त्यांना दाखवू नकोस, निदान इतक्यात तरी.

तुझीच,
(तुझ्या भाषेत) बिघडलेली