सेडानची फॅशन गेली ते आपल्या पथ्यावरच पडलंय

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दसरा दिवाळीच्या तोंडावर तुमच्या पेपरात गाड्यांची पुरवणी येते, ती मी दरवर्षी पूर्ण वाचतो. पण त्यात सगळ्या नव्या गाड्या आणि त्यातही दहा पंधरा लाखाच्या एसयूव्ही. आमच्या अंबाजोगाई, केज, रेणापूर, अहमदपूर भागात जो माणूस घरात पहिल्यांदा चारचाकी आणायलाय त्याच्याकडं सोयाबीनचे नाहीतर उसाच्या बिलाचे साठवलेले तीन साडेतीन लाख असतात, लई झालं तर चार, आणि तो जुनीच गाडी घेणार असतो. त्याच्यासाठी कुणी काही लिहीत नाही म्हणून हे पत्र, जरा लांब झालंय पण शक्यतो कापू नका.

मी एसटीच्या डेपोत मेकॅनिक होतो, रिटायर झाल्यापासून ओळखीपाळखीचे लोक गाडी बघायला सोबत नेतात, त्यामुळं बाजारात काय चाललंय ते दिसतं. माझं म्हणणं एकच आहे की या पैशात उंच गाडीच्या मागं लागू नका, डिकीवाली साधी सेडान बघा, पेट्रोल बघा, आणि जिचे कागद आजच्या आज तुमच्या नावावर होऊ शकतात तीच घ्या.

सेडान का, तर सध्या ज्याला त्याला एसयूव्ही पाहिजे, त्यामुळं जुन्या एसयूव्हीलासुद्धा भाव आलाय आणि चार लाखात जी मिळते ती पार दमलेली असते. तेवढ्याच पैशात सेडान बहुतेक वेळा कमी वयाची आणि कमी चाललेली मिळते, कारण तिला आता विचारणारे कमी झालेत. आणि आपलं काम काय असतं, म्हाताऱ्या माणसांना लातूर नाहीतर सोलापूरला दवाखान्यात न्यायचं, तुळजापूरला जायचं, लेकीला दिवाळीला आणायचं, चार पाच माणसं आणि त्यांचं सामान. यात डिकीलाच खरा अर्थ आहे, पण तीपण बघून घ्या कारण सगळ्या डिक्या सारख्या नसतात. चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनच्या गाडीला टॅक्स कमी म्हणून कंपन्यांनी मागची शेपटी छाटली, २०१२ ला आलेल्या डिझायरची डिकी त्यामुळं फक्त ३१६ लिटरची झाली, २०१७ च्या मॉडेलला ती ३७८ झाली. एक्सेंटची ४०७ आहे, पहिल्या अमेझची ४००, आणि टोयोटाची इटिऑस चार मीटरपेक्षा लांब असल्यामुळं तिची तब्बल ५९५ लिटर. घरात माणसं जास्त असतील तर माझं मत इटिऑसला, आतून साधी आहे, मीटर डॅशबोर्डच्या मधोमध आहे ते पोरांना आवडत नाही, पण जागा भरपूर आणि इंजिन दणकट. ती २०२० ला बंद झाली, तरी टोयोटा देशात आहे त्यामुळं सर्व्हिसची तेवढी काळजी नाही. डिझायर चांगलीच आहे, तिचा पार्ट कुठल्याही तालुक्याच्या दुकानात मिळतो, पण तिला गिऱ्हाईक जास्त म्हणून त्याच वर्षाच्या एक्सेंट किंवा अमेझपेक्षा पैसे जास्त मोजावे लागतात.

आणि एवढ्याच पैशात जुनी मोठी सेडान मिळते म्हणून भुलू नका. नवी असताना जी बारा पंधरा लाखाची होती तिचा पार्ट आजही त्याच हिशोबानं येतो, गाडी चार लाखाची झाली म्हणून तिचा हेडलाईट काही स्वस्त होत नाही. ज्या गाडीची क्लच प्लेट, लोअर आर्म, ब्रेक पॅड तुमच्या तालुक्यात मिळतात आणि जी खोलायला तुमच्या फिटरचा हात बसलाय ती तुमच्यासाठी चांगली गाडी.

डिझेलचं बरेच जण विचारतात. रोज लांब जाणं असेल तरच डिझेल. महिन्यातून दोन चार वेळा बाहेर निघणाऱ्या घराला पेट्रोलच परवडतं, कारण डिझेलचा टर्बो किंवा इंजेक्टर काम मागायला लागला की ॲव्हरेजमधून वाचवलेले सगळे पैसे एका फटक्यात जातात. सीएनजीवाली बघत असाल तर टाकी डिकीतच बसलेली असते हे लक्षात ठेवा, म्हणजे ज्या डिकीसाठी सेडान घेतली तीच गेली. तरी घ्यायचीच तर आरसीवर सीएनजीची नोंद आहे का आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी टेस्ट झालीय का ते बघा.

एक गोष्ट लई कमी लोकांना माहीत आहे. एप्रिल २०१९ पासून एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी सिस्टीम) आणि १ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग प्रत्येक नव्या कारला कंपल्सरी झाली, शेजारच्या सीटची एअरबॅग सगळ्या गाड्यांना २०२२ पासून. बजेट ताणून २०१९ च्या शेवटची नाहीतर २०२० ची मिळत असेल तर ताणा, आणि त्याच्या आधीची घ्यायची तर बेस मॉडेल घेऊ नका, दोन एअरबॅग असलेलं वरचं मॉडेल बघा. अलॉय व्हील आणि मोठा स्क्रीन नंतर कधीही बसवता येतो, एअरबॅग बसवता येत नाही. आपल्याकडं रात्रीच्या टायमाला उसाच्या ट्रॉल्या मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही अशा रस्त्यावर असतात, म्हणून हे कळकळीनं सांगायलोय.

आता दिल्लीच्या गाड्या. दिल्ली एनसीआरमध्ये कोर्टाच्या आदेशानं दहा वर्षांवरचं डिझेल आणि पंधरा वर्षांवरचं पेट्रोल चालवण्यावर निर्बंध आले, तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात उचलून इकडं आणून विकायचा धंदाच झालाय. गाडी दिसायला चकाचक असते आणि भाव ऐकून माणूस खुश होतो. पण तिला तिकडच्या आरटीओची एनओसी म्हणजे ना हरकत दाखला लागतो, महाराष्ट्राचा टॅक्स भरावा लागतो आणि मग आपला एमएच नंबर पडतो. आमच्या पाहुण्यातल्या एका पोरानं अशी गाडी घेतली, विकणारा एनओसी आज येते उद्या येते म्हणत राहिला, मग फोन उचलायचा बंद झाला, आणि गाडी दारात उभी. बाहेर काढली की पोलिसाची भीती आणि विकायला गेलं तर गिऱ्हाईक नाही. एनओसी हातात असल्याशिवाय बयाणासुद्धा देऊ नका.

आपल्याच एमएच २३, २४, २६ च्या गाडीतसुद्धा लोक नाव लावायचं टाळतात. टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर, सह्या घेतल्या, बॉन्डवर लिहून घेतलं, झाला व्यवहार. फॉर्म २९ आणि ३० कोऱ्या सह्यांचे तीन तीन हातातून फिरायलेत, मूळ मालक पुण्यात, त्याला पत्ता नाही गाडी कुणाकडं आहे. ज्या वावराच्या सातबाऱ्यावर आपलं नाव नाही ते वावर आपण कधी विकत घेतो का, मग गाडीच का घेतो. आणि हे विकणाऱ्यानंसुद्धा वाचावं, सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी २०१८ मध्ये निकाल दिलाय की आरटीओच्या रेकॉर्डला ज्याचं नाव तोच मालक, गाडी विकून पुढं कितीही हात फिरली असली तरी अपघात झाला की भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. गाडी विकल्यावर चौदा दिवसात कळवायचं असतं, ते करा. घेणाऱ्यानं आधी गाडीचा नंबर टाकून सरकारच्या एमपरिवहन ॲपवर बघावं, फिटनेस कधीपर्यंत आहे, इन्शुरन्स आहे का, फायनान्सचा बोजा आहे का ते दिसतं, चलन किती थकलंय तेपण तपासा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन तो उतरवलाच पाहिजे. इन्शुरन्स लगेच आपल्या नावावर करा, आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट) त्याच्यासोबत जातो, गाडीसोबत येत नाही, त्यामुळं हप्ता थोडा वाढतो तो धरून चाला. गाडीला पंधरा वर्षं होत आली असतील तर परत पासिंग आणि पर्यावरण कर पण येतो.

डिझायर, इटिऑस, एक्सेंट या तिन्ही गाड्या पुण्या-मुंबईत टॅक्सीला लई चालल्या. पिवळी पाटी काढून पांढरी लावलेली असते. रीतसर कन्व्हर्ट केलेली असेल तर बेकायदा काही नाही, पण मग भाव टॅक्सीचाच द्या. आरसीवर गाडीचा वर्ग बघा, आधीचा मालक कोण होता ते बघा, आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी ८० च्या पुढं जातच नसेल तर समजा टॅक्सीचा गव्हर्नर, म्हणजे वेग अडवणारं यंत्र, अजून आत आहे.

गाडी बघायला दोनदा जा. एकदा सकाळी, आणि विकणाऱ्याला आधीच सांगा की मी येईपर्यंत चालू करू नको. थंड इंजिन एका सेल्फमध्ये लागलं पाहिजे, सायलेन्सरमधून निळा धूर आला तर ऑईल जळायलंय. चालू इंजिनवर ऑईलचं झाकण उघडा, आतून भकाभका वाफ आली तर इंजिन कामाला आलंय. दुसऱ्यांदा भर दुपारी जा, गाडी उभी करून एसी चालू ठेवा, आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो, सकाळी गार करणारा एसी दुपारी पण गार करतो का ते कळलं पाहिजे. रेडिएटरचं पाणी मात्र इंजिन थंड असतानाच बघायचं. मराठवाड्यातल्या गाडीची ही खास तपासणी समजा, कारण इथं कूलंटच्या जागी बोअरचं खारं पाणी ओतायची सवय आहे, आतून क्षार धरतो, गंज चढतो आणि उन्हाळ्यात गाडी गरम होऊन हेड गॅसकेट जातं. हिरवं किंवा लाल कूलंट दिसलं तर मालकानं गाडी सांभाळलीय, विटकरी गढूळ पाणी दिसलं तर उठा तिथून.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये सीना, मांजरा, गोदावरीला जे पाणी आलं त्यात दारातल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. अशा गाड्या धुऊन पुसून बाजारात येतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या टोकाला गाळाची रेघ असते, ती कुणी धूत नाही. पायाखालचं मॅटिंग उचला, सीटच्या रेलला हात लावा, स्टेपनीच्या खड्ड्यात बघा. सेडान खाली असते त्यामुळं खड्ड्यात पोट घासतं, काळी माती चिकटलेली असेल तर आधी वॉशिंगला लावून खालून बघा.

मीटरवर विश्वास ठेवू नका, मीटर मागं घेणं सोपं झालंय. सर्व्हिस सेंटरला गाडीच्या नंबरवर जुनी हिस्ट्री मिळते, ती मालकाला काढून मागा. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. गाडी २०१६ ची, मीटर म्हणतंय २५ हजार चालली आणि टायर मात्र बदललेले, तर का बदलले विचारा. बॉनेटच्या आणि दरवाज्याच्या बोल्टचा रंग उडालेला असेल तर पाना लागलाय, म्हणजे बहुतेक ठोकलेली आहे.

आणि सगळे पैसे गाडीत घालू नका. चार लाख असतील तर साडेतीनची गाडी बघा, बाकीचे टायर, बॅटरी, क्लच, इन्शुरन्स आणि ट्रान्सफरला लागतातच. माझ्या ओळखीत बरेच जण गाडी घेऊन मोकळे झाले आणि मग टायरला पैसे नाहीत म्हणून गुळगुळीत टायरवर कुटुंब घेऊन फिरतात, ते बघवत नाही.

संपादक साहेब, तुम्हाला एक विनंती आहे. आरटीओचे तालुक्याच्या ठिकाणी कॅम्प होतात पण तारीख एजंटलाच माहीत असते. बीड, लातूर, धाराशिव, नांदेडच्या आवृत्तीत दर महिन्याला त्या तारखा छापा, सोबत नाव ट्रान्सफरला कोणते कागद लागतात आणि सरकारी फी किती तेपण द्या, म्हणजे लोक स्वतः जाऊन विचारतील.

आपला,
एक जुना वाचक, अंबाजोगाई, जि. बीड