मामा, त्या पेटीचं लाकूड

स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया

तीर्थस्वरूप मामांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

रानटर्कीला साद घालायच्या माझ्या पेटीचा फोटो पाहून तुम्ही पहिला प्रश्न लाकडाचा विचारलात आणि मामींनी पक्ष्याचा. फोनवर दोन्ही उत्तरं अर्धीच राहिली, म्हणून सविस्तर लिहितो.

लाकूड दोन जातींचं आहे. खालच्या पेटीच्या दोन्ही भिंती सीडारच्या, हलक्या आणि पातळ. वरचं लांब दांड्याचं झाकण अक्रोडाचं, चांगलं टणक. ते एका टोकाला स्क्रू आणि स्प्रिंगवर बसवलेलं असतं, म्हणून आडवं सरकतं. झाकणाच्या पोटाला खडू फासायचा आणि ते भिंतीच्या काठावरून थोडंसंच ओढायचं. खडूमुळे लाकूड लाकडाला धरतं, सुटतं, पुन्हा धरतं. सारंगीच्या गजाला राळ लावल्यावर तारेचं होतं तेच इथे भिंतीचं होतं. भिंत थरथरते आणि पेटीतून रानटर्कीच्या मादीचा आवाज बाहेर पडतो. झाकणाचं पोट सपाट नसतं, त्याला बारीकशी गोलाई असते. ती गोलाई घासून घासून जमवणं हेच कारागिराचं खरं काम. आमच्या शेजारच्या आजोबांना ते करताना पाहिलं की सतारीच्या घोडीवर जवारी लावणारे तुम्ही डोळ्यांसमोर येता. दोन घास कमी किंवा जास्त, की आवाज गेला. ऐकायचं, घासायचं, पुन्हा ऐकायचं.

याला इथे बॉक्स कॉल म्हणतात. आर्कान्सा राज्यातल्या डार्डनेल गावच्या हेन्री गिब्सन यांनी 1897 मध्ये अशा पेटीचं पेटंट घेतलं आणि आजची पेटी जवळजवळ त्याच घडणीची आहे. पुढे साउथ कॅरोलिनाच्या नील कॉस्ट यांनी झाकण लांबवून होडीच्या वल्ह्याएवढ्या दिमाखाचं केलं. त्यांच्या हातच्या पेट्या आता लोक रानात नेत नाहीत, संग्रहात ठेवतात. चांगल्या पेटीच्या दोन भिंती मुद्दाम वेगळ्या जाडीच्या करतात. एका बाजूला वयस्क, घोगरी मादी बोलते, दुसऱ्या बाजूला तरुण.

आता आवाजाबद्दल. मादीच्या मुख्य हाकेला ‘यल्प’ म्हणतात. एका यल्पमध्ये दोन स्वर असतात: आधी वरचा, स्वच्छ, मग तो मोडून खाली उतरतो आणि खरखरतो. अशा पाच-सात यल्पची एक ओळ. याशिवाय एकेकटा ‘क्लक’, समाधानाने चरताना घशातल्या घशात केलेला ‘पर्र’, चिडल्यावर तुटक आणि भराभर येणारं ‘कटिंग’. आणि धोका दिसला की ‘पट’, तीक्ष्ण, एखादाच. क्लक जरा जोरात निघाला की त्याचा पट होतो आणि समोरचा पक्षी क्षणात नाहीसा होतो. म्हणून क्लक मी नेहमी हलक्या हातानेच काढतो.

दुकानात गेलं की भिंतभर कॉल टांगलेले असतात आणि विकणारा प्रत्येकाच्या सुराचं कौतुक करतो. माझं मत वेगळं आहे आणि तुमच्यासारख्या माणसापुढे ते मांडायला मला आवडेल. इथे सुरापेक्षा लय मोठी. रानात खऱ्या माद्या ऐकल्या की कळतं, त्यांतल्या कित्येकींचा आवाज अगदी बेसूर असतो. कुणी चिरकी, कुणी फुटक्या आवाजाची. पण दोन यल्पमधलं अंतर सगळ्यांचं तेच आणि ओळ संपवण्याची रीतही तीच. स्पर्धेत बक्षीस मिळवणारा सूर असेल आणि लय धावत असेल, तर नर उत्तर देत नाही. म्हणून कॉल निवडताना ‘कुठला गोड वाजतो’ असं विचारू नये. आपल्या हातात कुठल्यावर लय टिकते ते पाहावं. बॉक्स कॉलवर ती सर्वांत लवकर टिकते. नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी, असं मी छातीठोकपणे सांगेन. शिवाय तिचा आवाज लांब जातो, वाऱ्याच्या दिवशी दुसऱ्या डोंगरउतारावरच्या नराला ऐकू येतो. उणीव एकच, पाऊस. भिजलेली पेटी मुकी होते. आणि खडू तेलकट किंवा मेणचट चालत नाही. तेल एकदा लाकडात मुरलं की लाकूड लाकडाला धरतच नाही.

दुसरा प्रकार पॉट कॉल. वाटीएवढं गोल लाकडी भांडं, वर दगडी पाटीचा चकता, आत थोड्या अंतरावर आणखी एक पातळ तबकडी आणि तळाला भोकं. लाकडी काडीने, म्हणजे स्ट्रायकरने, पाटीवर अगदी छोटी लंबवर्तुळं काढायची. काडी उचलायची नाही. भांडं तळहातात मुठीने धरलं तर भोकं बुजतात आणि आवाज गुदमरतो, म्हणून ते बोटांच्या टोकांवर तोलायचं. कडेजवळ घासलं तर स्वर चढतो, मध्याकडे आलं की उतरतो. पाटी आमच्याच राज्याची असू शकते. पूर्वेला बँगर आणि पेन आर्गिल या गावांभोवती पाटीच्या दगडाच्या जुन्या खाणी आहेत, त्या पट्ट्याला स्लेट बेल्टच म्हणतात. पाटीऐवजी काच किंवा ॲल्युमिनिअमही लावतात. काच तीक्ष्ण बोलते, दूर पोचते, आणि योग्य काडी असेल तर ओली असतानाही वाजते. पण पर्र काढावा तो पाटीवरच. इतका मऊ आवाज दुसऱ्या कशावर निघत नाही. पृष्ठभाग बारीक सँडपेपरने एकाच दिशेने खरवडून ठेवायचा, काडी त्या ओरखड्यांना आडवी चालवायची, आणि पाटीला बोट लावायचं नाही, कारण कातडीचं तेल लागलं की काडी घसरते. तुम्ही हा वाजवाल तर पहिल्याच बैठकीत तो तुमच्या हातात बसेल.

तिसरा तोंडातला, डायफ्राम. नालेच्या आकाराच्या चौकटीत ताणलेला लॅटेक्सचा पातळ पापुद्रा, कधी एकावर एक दोन-तीन. तो टाळूला चिकटवून जिभेने दाबायचा आणि छातीतून धक्क्याने हवा सोडायची. गालातून फुंकर मारली तर नुसती शिट्टी येते. पहिले काही आठवडे घशात उबळ येते, हे खरं. पण हात मोकळे राहतात, आणि टर्कीच्या शिकारीत हे फार मोठं आहे. या पक्ष्याची नजर विलक्षण असते. रंग दिसतात, आणि डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे मान थोडी वळवली की चहूकडचं दिसतं. नर तीस-चाळीस पावलांवर आला की पेटी वाजवायला हलवलेला हात त्याला दिसणारच. तेव्हा उपयोगी पडतो तो तोंडातलाच. मी तिन्ही नेतो: दूरसाठी पेटी, मधल्या अंतरासाठी पाटी, शेवटासाठी डायफ्राम. ज्यांच्याकडे वेळ आणि फुप्फुसं दोन्ही आहेत ते मादीच्याच पंखाच्या तीन हाडांची नळी करतात आणि ओठांनी हवा आत ओढून ती वाजवतात. ही सर्वांत जुनी रीत, इथल्या मूळ रहिवाशांची.

या सगळ्यातली खरी अडचण वेगळीच आहे. वसंतात नर झाडावरून गरजतो, खाली उतरतो, पिसारा उभारतो, आणि मादी चालत त्याच्याकडे जाते. मोर आणि टर्की एकाच कुळातले, त्यामुळे तो पिसारा पाहून तुम्हाला नवल वाटणार नाही. शिकारी मात्र मादीचा आवाज काढून नराला सांगतो, की तू माझ्याकडे ये. म्हणजे त्यांच्या रिवाजाच्या उलट. म्हणूनच नर उत्तर देतो, देत राहतो आणि जागचा हलत नाही. एखादा ओढा किंवा कुंपण मध्ये असेल तर तिथे येऊन थांबतो. त्याच्या मते आता मादीने यायचं असतं.

अंधारातच जागेवर पोचायचं. इथे बार्ड घुबड आठ ठोक्यांत ओरडतं. तसा आवाज तोंडाने काढला की झाडावरचा नर न राहवून गरजतो आणि त्याचं झाड कळतं. शे-दीडशे यार्डांवर, आपल्या खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याला पाठ लावून बसायचं. उजाडताना दोन-तीन अगदी हळू यल्प, झोपेतून जागं झाल्यासारखे. मग गप्प. तो खाली उतरला की एक साधी ओळ. त्याने उत्तर दिलं की नव्या माणसाला हुरूप येतो आणि तो पुन:पुन्हा वाजवतो. नेमकं तेव्हाच थांबायला हवं. जास्त बोलणारी मादी येतेच आहे असं नराला वाटतं आणि तो वाट पाहत उभा राहतो. ती गप्प झाली तर तो शोधायला निघतो. त्या वेळी मी हाताने पालापाचोळा उकरतो: खर्र, खर्र, थोडं थांबून खर्र. मादी किडे शोधताना तसाच आवाज होतो. हा कॉल कुठे विकत मिळत नाही आणि माझ्या मते तो सगळ्यांत खरा आहे.

नराबरोबर आधीच माद्या असतील तर तो येणार नाही. मग त्यांच्यातल्या म्होरक्या मादीशी बोलायचं. ती जे म्हणेल ते तसंच परत म्हणायचं, तिच्या बोलण्यावर बोलायचं. ती चिडून भांडायला येते आणि नर तिच्यामागून येतो. आणि नर जवळ आला की कानाआधी छातीत कळतं; तो एक खोल घुमारा काढतो, तुमच्या खर्जाच्या तारेहून खालचा. तो ऐकण्यासाठी मी बंदूक न घेताही जातो.

आता मामींसाठी. पेनसिल्व्हेनियात वसंतात टर्कीची शिकार फक्त साद घालून करायची, असा नियम आहे. आवाजाच्या मागावर दबकत जाणं बेकायदा. याचं कारण माणसांचा जीव, कारण तो आवाज दुसऱ्या शिकाऱ्याचाही असू शकतो. ध्वनिमुद्रित आवाज वाजवायला बंदी. मारायचा तो छातीवर दाढी, म्हणजे राठ केसांसारखा झुपका, असलेला पक्षी; तो बहुतेक नरच. साध्या परवान्यावर एक, दुसऱ्यासाठी वेगळा परवाना. हंगाम मेच्या पहिल्या शनिवारच्या आसपास सुरू होतो, तोपर्यंत समागमाचा मोठा भाग उरकलेला असतो, आणि पहिला पंधरवडा शिकार दुपारी बारापर्यंतच, म्हणजे अंडी उबवणाऱ्या माद्यांना कमी त्रास होतो. लाल, पांढरं, निळं काही अंगावर घालायचं नाही, कारण नराच्या डोक्याचे रंग तेच. नराची गर्जना काढणारे कॉलही मिळतात; मी ते बाळगत नाही, दुसऱ्या माणसाच्या बंदुकीला आमंत्रण कशाला द्यायचं. बसल्या जागी झाडाला केशरी कापड बांधतो. त्यामुळे काळजी करू नये.

आणि हा पक्षी संपत आला होता हेही त्यांना सांगा. जंगलतोड आणि बेबंद शिकार यांमुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कित्येक राज्यांतून तो नाहीसा झाला. पिंजऱ्यात वाढवलेली पिल्लं कित्येक वर्षं सोडून पाहिली, ती जगली नाहीत. आई नसलेल्या पिल्लाला रान कोण शिकवणार? मग रानातलेच पक्षी जाळ्यात धरून दुसऱ्या रानात नेऊन सोडले आणि ते टिकले. शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवर केंद्राचा कर असतो, आज तो 11 टक्के आहे; 1937 च्या केंद्रीय कायद्यामुळे तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. पेनसिल्व्हेनियात वसंतातला हंगाम 1968 मध्ये सुरू झाला, तोवर पक्षी पुरेसे झाले होते. आपल्याकडे शिकारबंदी आहे आणि ती असायलाच हवी, माझं त्याबद्दल दुमत नाही. इथली व्यवस्था वेगळी आहे आणि ती चालताना मी पाहतो आहे. मांस वाया जात नाही. छातीचं मांस पटकन शिजतं, पण तंगड्या चिवट असतात. त्या कांदा-लसूण मसाल्यात मंद आचेवर तीन-चार तास ठेवल्या की रस्सा चांगला होतो. मसाला संपत आलाय, मामी.

मामा, एक काम आहे. डिसेंबरात मी मिरजेला येतोय. सतारीतून उरलेले तूनचे दोन पातळ, पुरते वाळलेले तुकडे बाजूला काढून ठेवाल का? भिंती त्यांच्या करू. झाकणाला शिसम चालेल असं आजोबा म्हणतात, त्याचाही एक तुकडा पाहा. मापं वेगळ्या कागदावर काढून सोबत जोडली आहेत. झाकणाच्या गोलाईचं माप मुद्दाम दिलेलं नाही, ते तुम्ही कानाने ठरवा. मी येताना माझी पेटी आणतो. तिचा खालचा स्वर मला जरा कोरडा वाटतो. भिंत जाड आहे की झाकणाची गोलाई कमी पडते, ते तुम्ही वाजवून सांगा.

मामींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
भाचा