बर्फ काढताना शेजारचे दारही मोकळे कर

सोलापूर,
२९ डिसेंबर २०२२

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमच्याकडे झालेल्या बर्फाच्या वादळानंतर काल तुझा फोन लागला आणि घरात वीज आहे, शिधा आहे हे तुझ्याच तोंडून ऐकले, तेव्हा तुझ्या आईच्या जिवात जीव आला. एरी सरोवराचे पाणी गोठलेले नसताना त्यावरून अतिथंड वारे वाहू लागले की ते वाफ उचलून नेतात आणि काठावरच्या गावांवर बर्फ ओततात, हे तू अमेरिकेत बफेलोला गेलास तेव्हाच मी वाचून ठेवले होते. तरीही ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचे झोत, दीड दिवस समोरचे काहीही न दिसणे आणि विमानतळावर मोजलेला ५० इंचांहून अधिक बर्फ, याची कल्पना इथे बसून करता येत नव्हती.

फोनवर सविस्तर बोलणे होत नाही, म्हणून लिहीत आहे. वादळ ओसरले असले तरी धोका टळलेला नाही. त्या भागात ४० च्या आसपास माणसे दगावल्याचे वाचले. त्यांत कोणी अडकलेल्या मोटारीत गेले, कोणी वीज गेलेल्या थंडगार घरात, कोणी रुग्णवाहिका पोहोचू न शकल्यामुळे, आणि काही जण तर बर्फ उपसताना हृदय बंद पडून गेले. वाऱ्याने दाबून बसवलेला बर्फ घनमीटरला तीनशे किलोच्याही वर भरतो, आणि कडाक्याच्या थंडीत रक्तवाहिन्या आधीच आकसलेल्या असतात. तेव्हा फावडे भरभरून उचलू नकोस. होईल तितका बर्फ ढकल, थोडा थोडा काढ आणि मध्ये घरात येऊन बस. घर गरम ठेवणाऱ्या गॅसच्या भट्टीचे धुराडे पुष्कळदा भिंतीतून जमिनीच्या जवळच बाहेर काढलेले असते. ते बर्फाखाली गाडले गेले तर विषारी वायू घरातच साचतो, आणि त्याला ना वास ना रंग. तुमच्या घराचे तसे असेल तर आधी ते शोधून सभोवतालचा बर्फ काढ. मोटार सुरू करण्यापूर्वी तिची मागची नळीही मोकळी आहे ना, ते वाकून पाहा.

आता माझ्या मनातले मुख्य सांगतो. तुझ्या घराच्या डाव्या बाजूला एक वृद्ध बाई एकट्या राहतात, असे तू मागे बोलला होतास. काल त्यांच्याविषयी विचारायचे राहून गेले. त्यांच्या दाराशी जा. त्यांच्याकडे ऊब आहे का, औषधे शिल्लक आहेत का, हे विचार आणि पायरीपासून रस्त्यापर्यंत माणूस चालेल एवढी वाट काढून दे. आपल्या गल्लीत नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, तेव्हा समोरच्या आजींचे पिंप भरल्याशिवाय तुझी आई आपली मोटर बंद करत नाही, हे तू लहानपणापासून पाहिले आहेस. रस्त्याकडेचा आगीच्या बंबासाठीचा नळही सर्वांनी मिळून उघडा करा. आग लागल्यावर तो बर्फातून शोधत बसायला वेळ नसतो.

नायगारा पाहायला निघालेले दक्षिण कोरियाचे काही पर्यटक तुमच्या शहराजवळ बर्फात अडकले. ते फावडे मागायला एका घरी गेले, तर त्या दांपत्याने सगळ्यांना आत घेतले आणि नाताळभर स्वतःच्या घरात ठेवून घेतले. ही बातमी मी तुझ्या आईला दोनदा वाचून दाखवली. परक्या देशात तुझ्यावर तशी वेळ आली, तर तुलाही कोणी असेच दार उघडील, असे आम्हांला मनापासून वाटते. म्हणूनच तुझे दारही तसेच उघडे असावे.

तुमच्याकडच्या पूर्व भागातील कृष्णवर्णीय वस्तीला या वादळाची झळ अधिक बसली, असेही वाचले. तिथे मुळात किराणा मालाची मोठी दुकाने कमी, आणि घरे जुनी. आपल्याही शहराच्या पूर्व भागात विणकरांची जुनी, दाटीची घरे आहेत, त्यामुळे संकट एकाच शहरात सर्वांवर सारखे कोसळत नाही हे मला कळते. तुमच्या विद्यापीठातील मुले तिकडे अन्नधान्य पोहोचवत असतील, तर तूही जा.

या शनिवार-रविवारी तिथला पारा दहा अंशांवर जाणार असे दिसते. एवढा बर्फ एकदम वितळला तर पाण्याला वाट हवी, म्हणून घरासमोरच्या गटाराची जाळी आजच मोकळी करून ठेव. तळघरातले तुझे सामान, विशेषतः पुस्तके आणि कागदपत्रे, वर आणून ठेव. दिवसा वितळलेले पाणी पुन्हा पारा उतरला की रात्री गोठते आणि काळ्या रस्त्यावर तो बर्फ दिसतही नाही. सकाळी चालताना पावले लहान टाक आणि हात खिशात घालू नकोस.

आईने शेंगांची चटणी आणि कडक भाकरी बांधून ठेवल्या आहेत. टपाल सुरळीत झाले की पाठवतो. त्यातले थोडे शेजारच्या बाईंनाही दे, मात्र चटणी तिखट आहे हे आधी सांग. त्यांची खबर उद्याच्या फोनवर आठवणीने कळव.

तुझे,
बाबा