मागच्या तीन खोल्यांविषयी

व्हिएन्ना

तीर्थस्वरूप बाबांस, साष्टांग नमस्कार.

इंदूरच्या घराचा सौदा ठरत आल्याचे दादाने फोनवर सांगितले. किमतीबद्दल मला काही म्हणायचे नाही. कोथरूडहून दर दोन-तीन महिन्यांनी परदेशीपुऱ्यात जाऊन छपराची डागडुजी करून घेणे आता तुम्हांला झेपत नाही, हे मी जाणते. माझा प्रश्न मागच्या तीन खोल्यांतल्या भाडेकरूंचा आहे.

मागचे काका ज्या हुकुमचंद कापड मिलमध्ये कामाला होते, ती १९९१ साली बंद पडली आणि कामगारांच्या हाती थकीत देणी पडायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. तरी या एवढ्या वर्षांत काकांनी एकाही महिन्याचे भाडे बुडवले नाही, हे तुम्हीच कौतुकाने सांगता. आता बिल्डर त्या तिन्ही कुटुंबांना शहराबाहेर स्वस्तात फ्लॅट मिळवून देतो म्हणतो. पण काकांचा मुलगा पाटनीपुऱ्याच्या बाजारात पहाटे भाजीची हातगाडी लावतो. शहराबाहेरून तो रोज येणार कसा, आणि हातगाडी रात्री ठेवणार कुठे?

आमच्या रुग्णालयात सफाईचे काम करणाऱ्या एक बाई इथल्या कार्ल मार्क्स होफमध्ये राहतात. सुमारे किलोमीटरभर लांबीची ही इमारत नगरपालिकेने १९२७ ते १९३० या काळात कामगारांसाठी बांधली, आणि तीही गावाबाहेर नव्हे. आज ज्या डोब्लिंग भागात श्रीमंतांचे बंगले आहेत तिथेच, स्टेशनच्या समोर. त्यासाठीचा पैसा १९२३ साली बसवलेल्या गृहनिर्माण करातून आला, आणि त्या कराचा भार मोठ्या घरांवर अधिक होता. अलीकडेही इथे नवी मोठी जमीन निवासासाठी खुली करताना तिच्यावरची दोन तृतीयांश घरे अनुदानित असावीत, असा नियम केला आहे. म्हणजे अट आधी, परवानगी नंतर. (मी स्वतः मात्र खासगी मालकाकडे मुदतीच्या करारावर राहते, करार संपण्याची तारीख जवळ आली की झोप कशी उडते, ते मला इथे येऊन कळले.)

आपल्या हाती नगरपालिका नाही, पण सही आहे. त्याच जागी बांधल्या जाणाऱ्या इमारतीत तिन्ही कुटुंबांना तळमजल्यावर एकेक खोली आणि हातगाडीपुरती जागा द्यावी, बांधकाम चालू असेपर्यंत त्यांचे जवळपासच्या घराचे भाडे बिल्डरने भरावे, आणि हे सारे नोंदणीकृत करारात तिघांच्या नावांनिशी यावे, एवढी माझी विनंती आहे. 'बघून घेऊ' हे तोंडी आश्वासन कृपया मान्य करू नये. यामुळे किंमत उतरली, तर तेवढी रक्कम माझ्या वाट्यातून वजा करावी. दादाशी मी बोलले आहे, तो कुरकुरला, पण नाही म्हणाला नाही.

वकिलांचा मसुदा सहीआधी मला पाठवावा. आणि तुम्ही इंदूरला जाल तेव्हा काकांना ही गोष्ट बिल्डरच्या माणसाकडून न कळता तुमच्याकडूनच कळावी.

आईस नमस्कार.

आपली,
माई