वहिनी, त्या नासावाल्या फॉरवर्डबद्दल

ह्यूस्टन

प्रिय वहिनी,

नासाने अंतराळात जोडप्यांकडून संभोगाची वीस आसनं करवून बघितली म्हणणारा तुझा तो फॉरवर्ड मिळाला, आणि खाली तुझं "तू तिथेच राहतेस ना, खरंय का गं हे?" आता नासाच्या शेजारच्या गल्लीत राहते म्हणजे आतल्या सगळ्या भानगडी मला माहीत असतात असं नाही, पण विषय काढलाच आहेस तर सविस्तर लिहूनच टाकते, कारण फोनवर बोलायला लागलं की आई मध्येच "कोण आहे, मला दे" करत येते. दादाला दाखव, बाबांना नको.

तर ते वीस आसनांचं प्रकरण साफ खोटं. ज्या कागदावरून हे सगळं निघालं तो १९८९ मध्ये कोणीतरी चावटपणा म्हणून इंटरनेटवर सोडलेला, अगदी सरकारी थाटात नंबरबिंबर टाकून, की नासाच्या शटल यानाच्या एसटीएस-७५ नावाच्या फेरीत असले प्रयोग झाले म्हणून. आणि एसटीएस-७५ उडालं कधी, तर १९९६ मध्ये! बाजारात तुरी म्हणतात ना तसं. वर त्या फेरीतले सातही जण पुरुष. तरी २००० साली एका फ्रेंच लेखकाने ते खरं समजून पुस्तकात छापलं, पेपरवाल्यांनी उचललं, नासाने नाही म्हणून सांगितलं, पण नाही म्हटलं की लोकांना जास्तच वाटतं, कुठेतरी पाणी मुरतंय.

खरं नवरा-बायकोचं जोडपं मात्र गेलं होतं, मार्क ली आणि जॅन डेव्हिस, सप्टेंबर १९९२, एन्डेव्हर शटल. नासा तेव्हा नवरा-बायकोला एकत्र पाठवायची नाही, पण यांचं जमलं ट्रेनिंगच्या काळात, लग्न केलं तेव्हा बदली माणूस तयार करायला वेळ उरला नव्हता, म्हणून जाऊ दिलं. मग काय, सगळ्या जगाने त्यांना तोच प्रश्न विचारला. आणि खरी गंमत म्हणजे दोघांच्या शिफ्टच वेगवेगळ्या, एक कामावर तेव्हा दुसरा झोपलेला! त्याच यानात बेडकिणी नेल्या होत्या, त्यांची अंडी वर फलित करून पिल्लं काढली, म्हणजे बेडकांचं झालं (तेही शास्त्रज्ञांच्या हातून) आणि या बिचाऱ्यांची मात्र जेमतेम हँडओव्हरपुरती भेट.

इथल्या स्पेस सेंटरमध्ये शटलची प्रतिकृती जुन्या ७४७ विमानाच्या पाठीवर ठेवलीये, आत जाता येतं, पाहुणे आले की आम्ही नेतोच. खालचा मजला बघितलास तर तुला सगळं कळेल. भिंतभर लॉकर, तिथेच जेवण गरम करायचं, तिथेच झोपायच्या पिशव्या अडकवायच्या, आणि संडास त्याच जागेत कोपऱ्यात. मला तर तुमचं लग्न झाल्यावरचे परळच्या चाळीतले दिवसच आठवले, मध्ये साडीचा पडदा, पलीकडे आम्ही सगळे आणि रात्रभर आजोबांचा खोकला. तुम्ही कसं निभावलंत ते विचारत नाही हं! पण तिथे निदान गच्ची होती.

आताच्या स्पेस स्टेशनवर जरा बरं, प्रत्येकाला टेलिफोन बूथएवढी खोली आणि दार. पण अडचण नुसती जागेची नाहीये. तिकडे एकाने दुसऱ्याला जरा ढकललं की दोघंही दोन दिशांना तरंगत निघाले, न्यूटनचा तिसरा नियम, म्हणजे पाय कुठेतरी अडकवून घट्ट धरून ठेवणं हेच मोठं काम. घाम ओघळत नाही, अंगावर तसाच पाण्याच्या थरासारखा चिकटून राहतो. गरम हवा वर जात नाही, तर पंखा बंद झाला की आपल्याच उच्छ्वासाचा कार्बन डायऑक्साइड तोंडाभोवती साचतो, त्यामुळे पंख्याची घरघर चोवीस तास. अंगातलं पाणी डोक्याकडे सरकतं, चेहरा सुजतो, नाक चोंदतं, आणि पहिले काही दिवस तर बऱ्याच जणांना नुसतं मळमळत असतं. सांग, यात कसला रोमान्स सुचणार? व्हॅना बोन्टा नावाच्या अमेरिकन लेखिकेने यावर दोघांना वेल्क्रोने एकमेकांना चिकटवणारा सूट काढला, २००८ मध्ये नवऱ्याबरोबर विमानात घालूनही बघितला. ते विमान वर चढून खाली झेपावतं तेव्हा वीस-बावीस सेकंद वजन नाहीसं होतं, तेवढ्यात मिठी मारायची. मला तर वाचूनच दम लागला.

माशांना मात्र वेल्क्रो लागलं नाही. १९९४ मध्ये कोलंबिया शटलमधून जपानी मेडाका मासे गेले, तेही मुद्दाम असे निवडलेले जे वर गेल्यावर गोल गोल गिरक्या घेत बसत नाहीत, आणि त्यांनी वरच अंडी घातली, पिल्लंही निघाली. त्याआधी १९७९ मध्ये रशियनांनी उंदीर-उंदरीण एकत्र ठेवून पाठवले होते, त्यातून काही निष्पन्न झालं नाही.

माणसांचं विचारशील तर नासा म्हणते असं काही घडलेलंच नाही, आणि मला ते पटतं, कारण कॅमेरे, मिनिटामिनिटाचं वेळापत्रक, खाली कंट्रोल रूममध्ये बसलेली माणसं. पण मंगळाला जाऊन यायचं तर अडीच-तीन वर्षं लागणार, तेवढा काळ चार-सहा माणसं एका डब्यात कोंडायची, त्यांची हाडं, स्नायू, झोप सगळं मोजायचं, आणि या एका विषयावर मात्र आळीमिळी गुपचिळी, हे काही मला झेपत नाही. तिकडे गरोदर राहिली कोणी तर? रेडिएशन आहे, वजन नाही, पोटातलं बाळ कसं वाढेल कोणालाच ठाऊक नाही. आपल्या मामीला हे सांगितलं तर म्हणेल डोहाळजेवणाला झोपाळा तरी लागणार नाही.

बरं, तू तो फॉरवर्ड माहेरच्या ग्रुपवर टाकला असशील तर आधी डिलीट कर, तुझे सर आहेत त्यात. दादाला म्हणावं माझ्या पॉलिसीचे पेपर स्कॅन करून पाठव, दर वेळी उद्या उद्या करतो. आणि दिवाळीला इकडे येणारं कोणी असेल तर गोडा मसाला दे, डबल पिशवीत बांधून, मागच्या वेळी बॅगेतले सगळे कपडे आठवडाभर घमघमत होते.

तुझी,
लाडकी (आणि एकुलती एक) नणंद