चिनूच्या कॅम्पबद्दल, सोमवारच्या आधी वाच

प्रिय नीलू,

तुझा मेसेज सकाळीच वाचला होता पण घाईघाईत दोन ओळी टाकायच्या नव्हत्या, म्हणून आता घरातली सगळी झोपल्यावर लिहायला बसलेय. चिनूची टीममध्ये निवड झाली हे वाचून इतका आनंद झाला! आणि मग पुढे तू लिहिलंयस की सोमवारपासून कॅम्प, सकाळी दोन तास आणि दुपारी परत दोन तास, पहिल्याच दिवसापासून, या असल्या उन्हात. पोटात गोळाच आला माझ्या. तू विचारलंयस मोठी पाण्याची बाटली दिली की पुरे ना. नाही गं, नाही पुरत. जरा लांबेल पत्र, पण सगळं वाच.

माझ्या अन्वीचं काय झालं होतं ते तुला मी फोनवर अर्धवटच सांगितलं होतं, तेव्हा बोलवतच नव्हतं. मोठ्या सुट्टीनंतर प्रॅक्टिसचा दुसरा दिवस होता. आदल्या रात्री तिला जुलाब झाले होते, तिनं सांगितलं नाही, कारण सांगितलं तर मॅचला घेणार नाहीत, आणि मी सकाळी तिचा चेहरा उतरलेला बघूनसुद्धा नुसतं "बरी आहेस ना" विचारलं आणि सोडलं. मैदानावर कोणीतरी उशिरा आलं म्हणून कोचनी सगळ्या टीमला राउंड मारायला लावले, शिक्षा म्हणून, भर उन्हात. मी कडेला उभी होते. ती वाकडीतिकडी पळायला लागली, मग एका मैत्रिणीला उगाच ढकललं, मी हाक मारली तर माझ्याकडे असं बघितलं की जणू ओळखतच नाही. मला वाटलं चिडलीय. अंग घामानं निथळत होतं, त्यामुळे ऊन लागल्याची शंकासुद्धा आली नाही, कारण आपल्या डोक्यात लहानपणापासून बसलंय की ऊन लागलं की घाम बंद होतो आणि अंग कोरडं पडतं. तसं होतं, पण ते जास्त करून म्हाताऱ्या माणसांचं, घरात बसल्या बसल्या उकाड्यानं. पळणाऱ्या मुलाला उष्माघात होतो तेव्हा तो बहुतेकदा घामानं भिजलेला असतो. मुलगा बरळायला लागला, विनाकारण भांडायला लागला, झोकांड्या खायला लागला, साध्या प्रश्नाचं उत्तर देईना, की तिथंच समजायचं. शरीराच्या आतलं तापमान ४० डिग्रीच्या वर गेलं की मेंदू असा वागायला लागतो.

नशीब की एका मुलाची आई नर्स होती. मी अन्वीला गाडीत घालायला निघाले होते, तर त्या बाई ओरडल्या, हलवू नका, आधी गार करा! कोणीतरी अॅम्ब्युलन्सला फोन लावला आणि इकडे आम्ही तिला सावलीत आडवं करून बूट, मोजे, पॅड सगळं काढून झाडांना पाणी घालायचा पाइप तिच्यावर धरला, बर्फाच्या पाण्यात टॉवेल बुडवून डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळत होतो, टॉवेल गरम झाला की लगेच दुसरा, आणि दोघंजण वारा घालत होते. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत ती मला आई म्हणाली.

नंतर कळलं की सगळ्यात उत्तम म्हणजे बर्फाच्या पाण्यानं भरलेला टब, मुलाला गळ्यापर्यंत त्यात बसवायचं, डोकं वर धरून, आणि अर्ध्या तासाच्या आत तापमान ३९ च्या खाली आणायचं. अमेरिकेत फालमथ म्हणून ऑगस्टमध्ये पळण्याची एक मोठी रेस होते, तिथं १८ वर्षांत उष्माघाताच्या २७४ केसेस झाल्या आणि सगळेच्या सगळे वाचले, कारण टब तिथं तयारच असतात. म्हणून तू कोचना पहिला प्रश्न हाच विचार, टब आहे का, बर्फ आहे का, आणि नसेल तर कोण आणणार. एक साधा मोठा प्लॅस्टिकचा टब, बस. पॅरासिटामॉल देऊ नका, हा ताप संसर्गाचा नाही, त्या गोळीनं उतरत नाही. आणि काखेतल्या किंवा कपाळाच्या थर्मामीटरवर भरवसा ठेवू नका, खेळल्यानंतर तो खऱ्या तापमानापेक्षा खूप कमी दाखवू शकतो. आकडा कमी आला म्हणून वाट बघत बसायचं नाही, मूल बरळतंय ना, मग गार करायला लागा.

आता कॅम्पचं. मला खरी भीती पहिल्या आठवड्याची आहे. शरीराला उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात, तेवढ्यात घाम लवकर सुटायला लागतो, घामातून मीठ कमी जातं, रक्तातलं पाणी वाढतं, त्याच कामाला हृदयाचे ठोके कमी वाढतात. हे हळूहळूच होतं, मूल कितीही फिट असलं तरी. उष्माघाताच्या केसेस सीझनच्या पहिल्या दिवसांत जास्त होतात त्या यामुळेच. तेव्हा पहिल्या दिवशी चार तास हे चूक आहे, मी हे स्पष्टच म्हणते. पहिले काही दिवस एकदाच प्रॅक्टिस, छोटी, हलकी, आणि मग रोज थोडं थोडं वाढवत न्यायचं.

नुसतं फोनवरचं तापमान बघून ठरवू नकोस. पळताना स्नायू जेवढी ऊर्जा वापरतात त्यातली साधारण तीन चतुर्थांश उष्णताच होते, ती उन्हात मुख्यतः घाम वाळूनच बाहेर जाते, आणि हवा दमट असली की घाम वाळतच नाही, नुसता ओघळतो. म्हणून वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर नावाचं एक माप असतं, त्यात ओल्या कापडातल्या थर्मामीटरला ७० टक्के वजन, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याला २० आणि साध्या हवेच्या तापमानाला फक्त १०. बघ, हवेचं तापमान किती कमी मोजतात ते! २०१४ च्या फिफा वर्ल्ड कपमध्ये हे माप ३२ च्या वर गेलं की मध्ये पाण्याचा ब्रेक द्यायचं ठरलं होतं, आणि ते पूर्ण तयारीचे मोठे खेळाडू. मुलांची प्रॅक्टिस तिथं बंदच करावी असं माझं मत आहे. आणि मैदान आर्टिफिशियल टर्फचं आहे का तेही विचार, तो गवतापेक्षा कितीतरी जास्त तापतो.

पाण्याचं असं की तहान लागल्यावर बघू हे चालत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनं २०११ साली सांगितलंय की ९ ते १२ वर्षांच्या मुलांना दर २० मिनिटांनी १०० ते २५० मिली, म्हणजे चिनूला साधारण अर्धा ते एक ग्लास, आणि एका दिवसात दोन सेशन असतील तर मध्ये कमीत कमी दोन तास विश्रांती. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली जी मला फार लागली. आधी समज होता की मुलांचं शरीर मुळातच उन्हाला कच्चं असतं, तर तसं काही विशेष नाही म्हणे, पाणी, विश्रांती, कपडे, खेळाचा जोर हे नीट सांभाळलं तर मुलं मोठ्यांसारखीच टिकतात. म्हणजे अन्वी नाजूक म्हणून पडली नव्हती गं. आम्ही मोठी माणसं बाजूला उभी होतो आणि ठरवायचं ते आम्ही ठरवलं नव्हतं. उलट टोकाला पण जाऊ नकोस, पोट डब्ब होईपर्यंत साधं पाणी पाजत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, तेही धोक्याचं. मिठाच्या गोळ्या नकोत.

आणि चिनूला विचारून ठरवू नकोस. तो "मी ठीक आहे"च म्हणणार, नवीन टीम, नवीन कोच, सगळ्यांत जिद्दीची मुलंच थांबत नाहीत. रात्री ताप असेल, जुलाब असतील, झोप झाली नसेल, सर्दीच्या काही गोळ्या चालू असतील तर त्या दिवशी तूच घरी ठेव, रडला तरी. पाणी प्यायला परवानगी मागावी लागते का, शिक्षेचे राउंड असतात का, हेही विचार. असतील तर तुझ्या जागी मी त्याला पाठवणार नाही, टीम गेली तरी चालेल.

कोचशी भांडायला जाऊ नकोस पण, त्यांचाही बहुतेक वेळा वाईट हेतू नसतो. आणखी दोन-तीन पालकांना बरोबर घे. खेळ कोणत्या मापाला थांबणार, आणि थांबवायचा निर्णय कोणाचा, हे कॅम्प सुरू व्हायच्या आधी कागदावर घ्या, कारण तिथं मैदानावर, मॅच रंगात आली की कोणालाच थांबवायचं धाडस होत नाही.

अन्वी विचारत होती चिनूचा जर्सी नंबर कितीचा. ती अजून खेळते, आता सकाळी सहाला जाते आणि उन्हं चढायच्या आत घरी. तू रविवारी कोच सरांना भेटलीस की लगेच फोन कर, कितीही वाजले असले तरी. मी जागीच असेन.

तुझीच,
सुमी